डाव्या बाजूचा ठोका

अंबरनाथहून बदलापूरकडे निघालं की जांभूळहून येणारे पाण्याचे जाड पाईप बराच वेळ रस्त्याला सोबत करतात. त्या पाइपांच्या पलीकडे, एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून रूपेशचं गॅरेज होतं. पाटीवर नाव एकट्या रूपेशचं असलं तरी गॅरेज दोघांचं होतं, हे त्या पट्ट्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा बाळाजी. चामटोलीचा, रूपेशहून चांगला पंधरा वर्षांनी मोठा, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. पाटीवर तुमचं नाव का नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "नाव घातलं तर लोक शिव्या नावानिशी देतील."

नव्या गाड्यांना हे दोघे फारसा हात लावत नसत. त्यांच्याकडे यायच्या त्या जुन्या फोर-व्हील जीपा. कुणाचं बारवी धरणाच्या अंगाला शेतघर असायचं, कुणी चढावरच्या पाड्यांवर माणसं नि सामान पोचवायचं. अशा जीपचा पुढचा एक्सल म्हणजे लाडावलेलं पोर. मागच्या एक्सलला नुसतं फिरायचं असतं, पुढच्याला फिरायचंही असतं आणि वळायचंही. त्यासाठी दोन्ही टोकांना, चाकाच्या आतल्या अंगाला, शाफ्टमध्ये एक सांधा असतो. त्याला क्रॉस म्हणतात. आपलं मनगट असतं तसाच तो.

शिवाय दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. जीप गिअरमध्ये टाकून पुढून उचलली आणि उजवं चाक हाताने पुढे फिरवलं, की पलीकडचं डावं चाक आपोआप मागे फिरतं. त्या वेळी डावीकडच्या सांध्यात कुणाची बोटं असली, तर ती पुन्हा जशीच्या तशी बाहेर येत नाहीत.

म्हणून या दोघांचा एक नियम होता. रूपेश कायम उजवीकडे, बाळाजी कायम डावीकडे. आपल्या बाजूचं काम झालं, हात बाहेर काढला, की बाळाजीने एक्सलच्या नळीवर पान्याने ठोका द्यायचा: टक-टक, आणि जरा थांबून आणखी एक टक. अर्थ एवढाच, की हात काढला, आता फिरव. तो ठोका आल्याशिवाय रूपेशने चाकाला शिवायचं नाही. दोघेही उल्हासनगरच्या ज्या गॅरेजात शिकले, त्याच्या दोन्ही अंगांना पत्रा ठोकणारे प्रेस होते. तिथे ओरडून घसा फाटला तरी गाडीपलीकडच्या माणसाला ऐकू जात नसे. लोखंडातून दिलेला ठोका मात्र बरोबर पोचायचा. इथेही मागच्या कारखान्यात प्रेस होताच, त्यामुळे सवय मोडायचं कारण पडलं नाही. आता तर रूपेशला ठोका ऐकून विचारसुद्धा करावा लागत नसे. ठोका आला की त्याचे हात आपसूक टायरवर जात.

दसरा होऊन गेला होता. ऊन असं की टिनाच्या छपराखाली उभं राहवत नव्हतं. सोनिवलीचा श्रीपाद आपली जीप घेऊन आला. नव्या बिल्डिंगीत राहणारा, हौसेने जुनी जीप पाळणारा माणूस.

"फोर-व्हीलमध्ये वळताना कटकट करते," तो म्हणाला. "आणि रोडला स्टिअरिंग असं थरथरतं, हातात दह्याची वाटी धरली तर ताक होईल."

बाळाजीने जीप उचलून चाक वरून-खालून धरून हलवलं. मग आडवं हलवलं. बेअरिंगमध्ये थोडा खेळ होता, तो थरथरीचा गुन्हेगार. कटकट निराळी होती. रूपेशने उजवीकडून चाक सावकाश फिरवलं आणि बाळाजीने डावीकडे कान लावला. मग बॅटरीच्या उजेडात बघून म्हणाला, "लाल भुकटी पडलीय. क्रॉस मेला."

क्रॉस मेला तर नवा घालता येतो. पण शाफ्ट बाहेर काढल्यावर दिसलं, की क्रॉस ज्या कानांत बसतो त्यांची भोकंही झिजून अंड्यासारखी झाली होती. शाफ्टच बदलायला हवी होती, आणि त्या मॉडेलची नवी शाफ्ट बाजारातून कधीच गेली होती. मग उरलं उल्हासनगर. तिथल्या भंगारात मिळत नाही ती वस्तू अजून बनलेली नाही, असं बाळाजी म्हणायचा.

रूपेश एकटाच गेला. ओळखीचा सिंधी शेठ गादीवर बसून लस्सी पीत होता. त्याने मागच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"वो ऊपरवाली देख साईं. वरच पडलीय. परवाच परत आली."

"परत म्हणजे?"

"एकाने नेली होती, आणून टाकली. माल एक नंबर आहे. तू देख ना."

रूपेशने ती उन्हात धरून फिरवली. कान गोल, दाते शाबूत, कुठे गंजाचा ठिपका नाही. भंगारातली वस्तू इतकी निरोगी असली की मेकॅनिकच्या मनात पाल चुकचुकते. कुठे तडा असेल म्हणून त्याने हातोडीने वाजवून पाहिली. आवाज स्वच्छ, घंटेसारखा आला. मग शंका काढायला जागा उरली नाही.

जोडणी सुरू झाली. संध्याकाळी दोघे गॅरेजच्या दाराशी उभे राहून चहा पीत होते. मागचा प्रेस नुकताच थांबला होता. तेवढ्यात आतून आवाज आला. टक-टक. मग एक टक.

रूपेशचे हात ग्लासासकट पुढे गेले. चहा त्याच्या पायावर सांडला. बाळाजी तर त्याच्या शेजारीच होता.

"काय झालं रं?"

"तुम्हाला आला नाही आवाज?"

"लोखंड गार व्हतंय," बाळाजी चहाकडे बघत म्हणाला. "दिवसभर तापलंय ते. टकटक करणारच."

हे खरंच होतं. तापलेलं लोखंड निवताना बोलतं, हे रूपेशलाही माहीत होतं. पण ते असं मोजून-मापून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाजी जेवायला गेला असताना रूपेश उजवीकडे बेअरिंगला ग्रीस भरत होता. ठोका आला. लगेच त्याने चाकाला अर्धा फेरा दिला आणि मग त्याला आठवलं, की बाळाजी इथे नाहीच. त्याने खाली वाकून पलीकडे पाहिलं. डाव्या बाजूला पुठ्ठा अंथरलेला, त्यावर कुणी नाही. थोड्या वेळाने बाळाजी फाटकातून तोंड पुसत आत आला.

"पुरे झाली हां भाऊ मस्करी," रूपेश म्हणाला.

"कसली?"

बाळाजीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण त्या चेहऱ्याचा काय भरवसा? भर लग्नात नवरदेवाच्या चपला विहिरीत लपवून हा माणूस असाच साळसूद बसला होता. एरवी रूपेश हसून मोकळा झाला असता. पण गेले काही दिवस त्याच्या मनात एक काटा सलत होता. त्याची बायको माधवी बाजारातून एक बातमी घेऊन आली होती. बदलापूरला नवं मोठं गॅरेज निघतंय आणि तिथल्या मालकाने बाळाजीभाऊंना बोलावलंय. बाळाजी त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. जो माणूस एवढं पोटात ठेवतो तो ठोकाही पोटात ठेवू शकतो, असं रूपेशला वाटून गेलं. संशयाचं असंच असतं. पाहुणा म्हणून येतो आणि घराच्या किल्ल्या मागतो.

त्या दुपारी जोडणी आटोपली. शेवटची नजर टाकताना दिसलं, की डावीकडच्या क्रॉसची एक लॉक-रिंग खाचेत नीट बसलेली नाही. ही नखाएवढी रिंग सुटली तर क्रॉस निसटतो. नियमाने सगळं पुन्हा उघडायला हवं होतं. पण हब बसला होता, ब्रेक बसला होता, ग्रीस भरून झालं होतं.

"जागेवरच बसवतो की," बाळाजी म्हणाला. "तू चाक जरा जरा फिरवून दे फक्त."

अशी कामं त्यांनी शेकड्याने केली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, बाळाजी पुठ्ठ्यावर आडवा झाला, रूपेश उजवीकडे उकिडवा बसला. मागे प्रेस धडधडत होता. बाळाजीने ठोका दिला, रूपेशने चाक किंचित फिरवलं. पुन्हा ठोका, पुन्हा किंचित. मग जरा वेळ गेला.

टक-टक. टक.

रूपेशने चाक फिरवलं.

किंकाळी प्रेसच्या आवाजावर गेली. रूपेशने चाक उलट फिरवलं, पळत पलीकडे गेला, तेव्हा बाळाजी हात पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता. पुठ्ठ्यावर ग्रीस आणि रक्त एकत्र झालं होतं.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. रात्री उशिरा दवाखान्यात डॉक्टर निघून गेल्यावर रूपेश पलंगाशी बसला. आणि तो तेच बोलला जे बोलायला नको होतं.

"भाऊ, ठोका आला होता."

बाळाजी छताकडे बघत होता. "मी नाय दिला."

"मी ऐकला ना, स्पष्ट."

"मला काय बी ऐकू आलं नाय. आन मी देणार कसा? पाना माझ्या दातात व्हता, रूपेशशेठ."

इतक्या वर्षांत बाळाजीने त्याला शेठ म्हटलं नव्हतं. रुप्या म्हणायचा, कधी गाढवा म्हणायचा. त्या एका शब्दाने रूपेशला कळलं की आपण आता पलीकडच्या काठावर आहोत. त्याला वाटलं, ओरडून सांगावं की मी खोटं बोलत नाही. पण समोरच्याचा हात बँडेजमध्ये असताना असं ओरडायचं कोणत्या तोंडाने?

पुढचे दिवस वाईट गेले. अंबरनाथ-बदलापुरात बातमीला गाडी लागत नाही. गॅरेज आधीच एकट्याच्या नावावर होतं, आता माणूसही एकटाच ठेवायचा असेल, असं कुणीतरी चहाच्या टपरीवर बोललं आणि ते रूपेशच्या कानावर आलं. तो चामटोलीला गेला तर बाळाजीची बायको रंजना दारात चौकट धरून उभी राहिली.

"झोपलेत," ती म्हणाली.

आतून बाळाजी खोकला, जागा माणूस खोकतो तसा. रंजनावहिनींनी नजर हलवली नाही. याच दारात त्या रूपेशला हाताला धरून आत नेत, ताटावर बसवत. आज त्यांनी पाण्याचंही विचारलं नाही. परत येताना रूपेशला स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली, डोळ्यांपुढचं दिसेना म्हणून.

पण माणसाचं मन मोठं चोर. डोळे पुसून होताच ते कुजबुजलं, कशावरून बाळाजीनेच ठोका दिला नसेल? घाईत दिला असेल, मग राहिलेलं काहीतरी दिसलं म्हणून हात पुन्हा आत घातला असेल, आणि आता स्वतःची चूक कबूल करायला जड जात असेल. दातात पाना! असं कोण सांगेल? सांगणाऱ्याला ठाऊक आहे, की याचा पुरावा कुणीच देऊ शकत नाही. हा विचार आला की रूपेशला हायसं वाटायचं, आणि लगेच स्वतःची शिसारी यायची.

जीप तशीच लोखंडी घोड्यांवर उचललेली उभी होती. श्रीपाद फोन करकरून थकला. रूपेशचा हात तिला लागेना.

शुक्रवारी या भागातले कारखाने बंद असतात. मागचा प्रेस गप्प, रस्त्यावर ट्रक कमी. दुपारच्या जेवणानंतर रूपेशने दार लोटून घेतलं आणि तो जीपच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला. काय ते एकदा बघूच, असं त्याने ठरवलं होतं. तो अंगारे-धुपारे करणाऱ्यांतला नव्हता. आवाज येतो म्हणजे काहीतरी सैल असतं, घासतं किंवा आपटतं. ते शोधायचं.

बराच वेळ काही झालं नाही. ग्रीसचा वास, पत्र्यावर कावळ्याची पावलं, पाइपातून जाणाऱ्या पाण्याचा बारीक घुमारा.

मग ठोका आला.

त्याचे हात टायरवर पोचलेसुद्धा. त्याने ते ओढून काखेत दाबले.

उठून तो डावीकडे गेला. कुणी नाही. तो डावीकडच्या पुठ्ठ्यावर आडवा झाला, कान नळीला लावला. नळी गार होती. संध्याकाळची उन्हं दाराच्या फटीतून येईपर्यंत तो तसाच पडून राहिला. डावीकडे काहीच ऐकू आलं नाही. उजवीकडे येऊन बसला, आणि थोड्याच वेळात पुन्हा टक-टक. टक.

त्याने पाइपांना कान लावून पाहिला. आत नुसता घुमारा. स्प्रिंगा तपासल्या, बोल्ट आवळले, उंदराचं घर शोधलं. शेवटी फोनवर रेकॉर्डिंग लावून तो उजवीकडे बसला. ठोका आला, तसं त्याने रेकॉर्डिंग बंद केलं आणि ऐकलं. कावळा होता. दूरचा हॉर्न होता. मग त्याच्या स्वतःच्या तोंडून दचकून निघालेला हुंकार होता.

ठोका नव्हता.

तिथेच जमिनीवर बसून त्याने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हणजे हा ठोका आपल्या डोक्यातला आहे? तसं असेल तर बाळाजी खरं बोलतोय, आणि आपण एका माणसाची बोटं उगाच, कशाच्याही सांगण्यावरून नाही, चिरडली. भुताची भीती त्याला वाटत नव्हती. भूत असेल तर देव पावला, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगरला गेला.

"ती शाफ्ट परत कोणी आणली होती, शेठ?"

"अरे साईं, दिवसाला पचास लोग येतात. चेहरा कुठे याद राहतो?" शेठ विचारात पडला. मग म्हणाला, "एक याद आहे. टेम्पोतून उतरवताना एकाच हाताने ओढत होता. मी बोललो, दुसरा हात लाव ना. उसने लगाया नहीं."

"का?"

"मुझे क्या पता. खिशात ठेवला होता."

शेठ असल्या गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत. रूपेशला त्याचा भरवसा वाटला नाही, आणि भरवसा वाटत नाही म्हणून झोपही लागली नाही. शाफ्ट काढून खाडीत टाकणं सोपं होतं. पण ती गेली की ठोकाही गेला, आणि मग बाळाजीला दाखवायचं काय? त्याला एकच गोष्ट हवी होती. बाळाजीने एकदा उजवीकडे बसावं, स्वतःच्या कानांनी ऐकावं आणि म्हणावं, की तू खोटारडा नाहीस.

तो पुन्हा चामटोलीला गेला. भाताची कापणी चालली होती. बाळाजी बांधावर बसून दुसऱ्यांचे विळे चाललेले बघत होता. बँडेजचा हात मांडीवर, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. रूपेश जरा अंतर सोडून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. चहाच्या वेळचा ठोका, जेवणाच्या वेळचा, शुक्रवारचा. रेकॉर्डिंगचंही सांगितलं, तेही लपवलं नाही.

बाळाजी ऐकत होता. मग त्याने विचारलं, "बदलापूरवाल्याचं तुला कळलं व्हतं?"

"हो."

"मी त्याला नाय म्हणून सांगितलेलं. तुला कशाला सांगायचं, म्हणून बोललो नाय." तो थांबला. "आन तुला वाटलं, मी जातोय. म्हणून माझी बोटं..."

"भाऊ, आईची शपथ, नाही!"

"शपथ ऱ्हाऊ दे." बाळाजी शेताकडे बघत म्हणाला. "येतो मी. उजवीकडं बसतो. पण डावीकडं तू बसायचं. मी त्या दिवशी हात घातलेला तसाच घालायचा. आत, क्रॉसपर्यंत. मंग ऐकतो मी."

दगडाखाली हात म्हणतात तो हाच. पण त्याच्याच हातून बाळाजीची बोटं गेली होती. आपला हात घालायला तो नाही कसं म्हणणार?

"ऐकू आला तर फक्त सांगायचं," तो म्हणाला. "चाकाला हात लावायचा नाही."

"कशाला लावीन?" बाळाजी म्हणाला.

शुक्रवार उजाडला. रूपेशने सकाळपासून गॅरेज झाडून ठेवलं, पाहुणे येणार असल्यासारखं. दुपारी बाळाजी रिक्षातून उतरला. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. अवजारांकडे त्याने पाहिलं नाही. सरळ उजव्या बाजूला जाऊन उकिडवा बसला.

जीप गिअरमध्ये होती. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं. ती लॉक-रिंग अजून तशीच अर्धवट बसलेली.

रूपेश डावीकडच्या पुठ्ठ्यावर आडवा झाला. त्यावरचे डाग वाळून काळे पडले होते. त्याने सगळं मनाशी नीट जुळवलं होतं. ठोका लोखंडातून येतो. मागच्या खेपेला डावीकडे आला नाही, कारण तेव्हा उजवीकडे कुणी बसलेलं नव्हतं; आज बाळाजीला ऐकू येईल तसा आपल्यालाही येईल. आला की तत्क्षणी हात बाहेर. चाक फिरायला निदान श्वासभर तरी वेळ लागतो.

"घातलास हात?" पलीकडून आवाज आला.

"घातला."

"कुठवर?"

"क्रॉसपर्यंत."

"पाना कुठं हाय?"

"भिंतीशी ठेवलाय. लांब."

ग्रीस बोटांना गार लागत होतं. जीपच्या पोटाखालून रूपेशला पलीकडचं थोडंसं दिसत होतं. उजव्या टायरचा खालचा भाग. त्यामागे बाळाजीच्या चपला, त्यात त्याचे सुरकुतलेले पाय. जमिनीवर सपाट टेकलेले.

पाइपातून पाणी वाहत होतं.

"येतंय का काही, भाऊ?"

"थांब."

रूपेश थांबला. त्याने श्वास रोखला. नळीवर गाल टेकवला. लोखंड गप्प होतं, मागच्या शुक्रवारी तो इथेच कान लावून पडला होता तेव्हा होतं तसंच. मनगटाला रग लागली. आता हात काढावा आणि सांगावं, की नाही भाऊ, काही येत नाही, माझ्याच डोक्यात आहे ते, मला माफ करा. तेवढ्यात बाळाजी बोलला.

"रुप्या."

त्या आवाजात राग नव्हता. कितीतरी दिवसांनी तो पूर्वीसारखा, मोकळा होता.

"आला रं ठोका. खरं बोलत व्हतास तू."

रूपेशचे डोळे भरून आले. हेच, एवढंच त्याला हवं होतं. तो हसलासुद्धा.

मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच ऐकू आलं नाही.

आणि टायरच्या मागे बाळाजीच्या टाचा चपलांतून सावकाश वर उचलल्या गेल्या, जड चाकाला जोर लावताना उचलतात तशा.